टॉवरची नजर

दोन हजार अकरा सालच्या मार्चमध्ये माझ्या यजमानांचं डावं अंग लुळं पडलं आणि धाकटी लेक शहरातली खोली सोडून घरी आली. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल ऐकून टाइप करायचे, हे तिचं काम. ऑफिसने सांगितलं, आठ दिवस घरून करून दाखव. इंटरनेट तुटत राहिलं तर परत ये. यजमान तर तिच्याशिवाय कुणाच्या हातून घास घेईनात.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी आणि टॉवर नेमका टेकडीपलीकडे. बिनतारी जोडणी देणारा आला. काम बिनतारी, तरी गल्ली त्याला तारवालाच म्हणे. गच्चीभर फिरून शेवटी तो शिडीने पाण्याच्या टाकीवर चढला, तेव्हा कुठे खिंडीतून, दोन निलगिरींच्या मधून, टॉवरचं टोक दिसलं. तिथे त्याने वीतभर अँटेना बसवला.

"मावशी, नुसतं टोक दिसून भागत नाही. आजूबाजूलाही मोकळं लागतं. नुसती फांदी आडवी आली तरी सिग्नल जातो. टॉवरची नजर थेट इथे लागली पाहिजे."

माझ्या थोरल्या नणंदबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या.

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा वाजले की सिग्नल गुल. तारवाला दोनदा आला, दोन्ही वेळा सकाळी आठला, आणि तेव्हा सगळं सुरळीत! "दहानंतर वारा सुटतो, निलगिरी हलतात," असं निदान करून तो टेकडीवर गेला आणि फांद्या छाटून आला. फरक शून्य. पाचव्या दिवशी ऑफिसचा फोन आला. लेकीने कपाटावरची बॅग खाली काढली.

तारवाला दुपारीच धावत आला. टाकीवर चढला आणि ओरडला, "मावशी, याला टोपी कुणी घातली?"

अँटेनावर आमचं अंघोळीच्या पाण्याचं जर्मनचं पातेलं उपडं घातलेलं! सकाळी ते चुलीवर लागायचं, म्हणून आठला सगळं ठीक.

"मी घातलं," वन्सं म्हणाल्या. दिवसभर गुडघ्यांच्या नावाने कण्हणारी बाई रोज ती शिडी चढत होती! "तूच म्हणालास ना, नजर लागली पाहिजे? पोर बापासाठी राबतेय. तिला कुणाची नजर लागू द्यायची, मेल्या?"

"आत्याबाई, अहो, मी टेकडी चढून फांद्या छाटल्या!"

"बरं झालं. पोट सुटलंय तुझं."

लेक हसता हसता रडायला लागली. "आत्या, ते तसंच राहिलं तर मला जावं लागेल गं."

वन्संचा चेहरा उतरला. "आणि काढलं तर राहशील?"

"राहीन."

त्या कुणाला हात लावू देईनात. स्वतः चढल्या, पातेलं काढलं, खाली आल्या आणि पायरीवर बसून कितीतरी वेळ धापा टाकत राहिल्या. उरलेले तीन दिवस लेकीने तुंबलेलं सगळं काम उपसलं. ऑफिसने होकार दिला.

यजमान वर्षभरात काठीने चालू लागले. पाच वर्षांनी गेले, तेव्हा लेक उशाशी होती. वन्सं त्यानंतरच्या हिवाळ्यात गेल्या. तारवाल्याचं लग्न झालं, त्याने दूरच्या गावी दुकान टाकलं. अधूनमधून फोन करतो. लेक दोन गल्ल्या सोडून राहते, आता तिच्या हाताखाली बारा जण आहेत. रविवारी येते आणि माझी नखं कापून देते.