खाली न आलेला भाला

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू द्या. मी तिथे प्रेक्षकांत होतो, ताईच्या शेजारी, आणि त्या दिवशी उघडलेलं माझं तोंड मिटवायला डॉक्टर लागला.

भाला फेकत होता माझा भाचा. ताईचा एकुलता एक, पण घरीदारी त्याला सगळे चौथ्या म्हणत. देशोदेशी भाला फेकून आला आणि प्रत्येक ठिकाणी चौथा आला, म्हणून. आता खांदा पार कामातून गेला होता. ही शेवटची स्पर्धा आणि ही त्यातली शेवटची फेक. पदक मिळालं तर आत्ता, नाहीतर या जन्मी नाही.

चौथ्या धावला, पाय रोवला, भाला सोडला. भाला वर गेला. आणखी वर गेला. मग दिसेनासा झाला.

आणि खाली येईचना!

आधी लोक हसले. मग हसू आटलं. चौथ्या वर बघत पाऊल उचलणार, तोच त्याचे प्रशिक्षक किंचाळले, "हलू नकोस, गाढवा! भाला टेकायच्या आत धावपट्टी सोडलीस तर फेक बाद!"

नियमच आहे तसा. एरवी कुणाच्या ध्यानातही येत नाही, कारण एरवी भाले खाली येतात.

चौथ्या खांबासारखा उभा. तिकडे धावण्याच्या शर्यती आटोपल्या. बांबू घेऊन उडी मारणाऱ्याला कुणीतरी विचारलं, "तुम्ही वर जाऊन आलात, दिसला का हो कुठे?" तो बिचारा पांढराफटक पडला होता, मान हलवून निघून गेला.

"अरे, बस तरी खाली!" ताई ओरडली.

"आई, बसलेलं चालतं का ते विचार आधी!"

"बसा," पंच म्हणाले. "पण रेषेबाहेर बोटही नको."

शेवटी पंच स्वतःच भाला शोधायला निघाले. झेंडे काखेत, नजर आभाळात. आजवरच्या सगळ्या विक्रमांच्या पलीकडे जाऊन थांबले आणि डोळ्यांत पाणी आलं म्हणून खाली मान घालून चष्मा पुसू लागले.

तेवढ्यात वरून शीळ घुमली. भाला येत होता, सरळ पंचांच्या टाळक्यावर!

आम्ही सगळे एकदम बोंबललो. हजारो माणसं एकदम बोंबलली की एक अक्षर कळत नाही. पंचांना वाटलं, कौतुक चाललंय. त्यांनी हात हलवला.

चौथ्यानं पायाखालची रेषा पाहिली. एकदाच. मग असा सुटला की त्याची सावली धावपट्टीवरच राहिली. पंचांना धडक देऊन दोघे गडगडत गेले आणि पंच जिथे उभे होते तिथे भाला खचकन रुतला.

ताईनं माझा दंड इतका आवळला की निळा पडला.

पंचांनी पडल्या पडल्या विचारलं, "भाला टेकला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

चौथ्या धापा टाकत म्हणाला, "तुमच्या अंगावर."

"अहो, जीव वाचवला त्यानं तुमचा!" ताईचा टाहो पार तिथवर पोहोचला.

"जन्मभर विसरणार नाही, बाई," म्हणत पंचांनी काखेतला लाल झेंडा वर केला.

"मोजा तरी," चौथ्या म्हणाला.

"बाद फेक मोजत नाहीत, बाळा."