सीट बघून गाडी

बारकीला लायसन्स मिळून नऊ दिवस झाले होते आणि नऊ दिवसांत दादाने तिला शंभरदा तरी ऐकवलं होतं, की लायसन्स मिळणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं. शेवटी तिचं डोकं फिरलं. शाळा सोडल्यापासून मावशीच्या सीटकव्हरच्या दुकानात मशीनवर तीच बसायची. आता गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कव्हरं बसवायची तर दुकानाला गाडी हवी, आणि ती बारकी चालवणार, हे मावशीने ठरवलं होतं. यात दादाने नाक खुपसायचं काही कारण? पण गप्प बसला तर तो दादा कसला. त्याने अटच घातली. गाडी तू निवड, पण तिथून दुकानापर्यंत माझ्या मदतीशिवाय चालवत आण. नाही जमलं तर किल्ली माझी, तू मागे बसायचं.

बारकी म्हणाली, चल.

जुन्या गाड्यांच्या आवारात शिरल्या शिरल्या दादा एका लाल गाडीला चिकटला. गाडीवाला लगेच साखर पेरायला लागला. एका रिटायर झालेल्या बाईंची गाडी, भाजीबिजी आणायला तेवढी बाहेर निघायची, मीटर बघा हवं तर. दादा मीटर बघत बसला. बारकीने दार उघडलं आणि थेट ड्रायव्हरच्या सीटच्या कव्हरात हात घातला.

कव्हर नवंकोरं होतं. पण आतल्या स्पंजची दाराकडची कड पार मेली होती. चढता-उतरता माणूस याच कडेवरून घसरतो, आणि एवढा स्पंज बसायला वर्षानुवर्षं दिवसभर चढउतार लागते. बोटं आणखी आत गेली तर खाली दुसरं कव्हर लागलं, तेही विरलेलं.

"बाई दिवसातून चाळीस वेळा भाजी आणायच्या का?" तिने विचारलं.

गाडीवाल्याने घसा साफ केला आणि मागच्या ओळीकडे बोट दाखवलं. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मागच्या ओळीत एक बिस्किटी रंगाची गाडी होती. तिची सीट म्हणजे काय सांगावं. शिवण कंपनीची, एक टाका उसवलेला नाही, स्पंज दाबला की लगेच वर. बारकी खूश. हीच, म्हणाली. दादा म्हणाला, अगं निदान चालवून तरी बघ. तर म्हणे त्यात काय बघायचं, सीट कधी खोटं बोलत नाही.

तरी पैसे द्यायच्या आधी दादाने एक चक्कर मारायला लावलीच. आवाराच्या फाटकाशी चढ होता. चढावर गाडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तर अशी मागे घरंगळली, की गाडीवाला टुणकन बाजूला उडाला. दादा शेजारी बसला होता. तो हसला असता तर बरं झालं असतं. त्याने नुसता किल्लीसाठी तळहात पुढे केला.

बारकीचे कान तापले. गाडीला, चढाला, गाडीवाल्याला, सगळ्यांना एकदम शिव्या घालाव्यात असं झालं. मग तिची नजर स्वतःच्या पायावर गेली. सीट पुढे ओढून ओढून संपली होती, तरी क्लच पूर्ण दाबायला ती कमरेतून खाली सरकत होती. टाच हवेत. सीट एक नंबर होती, पण तिच्याहून वीतभर उंच माणसाची. या गाडीत आधी कोण बसायचं ते बारकीने बरोबर ओळखलं होतं. आता कोण बसणार आहे, ते बघायचंच राहिलं होतं.

तिने किल्ली दिली नाही. उतरली आणि एकेका गाडीत बसून नुसता क्लच दाबत सुटली. पाचवी गाडी राखाडी, छोटीशी, बॉनेटवर फडकी वाळत घातलेली. गाडीवाला म्हणाला, ती राहू द्या, तिच्या सीटची वाट लागलीय. वाट लागलीच होती, स्पंज बाहेर येऊन कपड्यांना चिकटत होता. पण टाच जमिनीवर टेकली, क्लच अलगद खाली गेला आणि पुढचे दोन्ही कोपरे मान न उंचावता दिसले.

या वेळी तिने घाई केली नाही. दुकानाशेजारच्या मेकॅनिकला फोन करून बोलावलं. तो अर्धा तास गाडीखाली आडवा होता, बाहेर येऊन म्हणाला, घे. तोवर दादाची कुरकुर चालूच होती, की सीटकव्हरवाल्यांचीच गाडी अशी फाटकी, लोक हसतील.

"सीट मी शिवते," बारकी म्हणाली. "क्लच मला शिवता येत नाही."

पैसे चुकते झाले आणि दादा कपडे सांभाळत शेजारी बसला.

फाटकाच्या चढावर ती निघाली तर नेमका पुढे टेम्पो थांबला. अर्ध्या चढावर थांबावं लागलं. दादाचा हात आपोआप हँडब्रेककडे गेला, तिने त्यावर चापट मारली आणि ब्रेक स्वतःच ओढला. टेम्पो हलला. तिने क्लच हळूहळू सोडला, गाडीचं नाक जरासं उचललं गेलं, तिने हँडब्रेक खाली केला. गाडी बोटभरही मागे आली नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग तीन वळणं गेली, सिग्नल गेला.

"अगं, दुकान मागे राहिलं," तो म्हणाला.

"दिसलं मला," बारकी म्हणाली आणि तिने तिसरा गिअर टाकला.