शालूच्या कॅमेऱ्यातली नवी काच

एक्क्याण्णव सालचा मे महिना. लेक सुलूच्या साखरपुड्याचा, शालूने काढलेल्या फोटोंचा आल्बम मोरव्याच्या दशरथने पेटीत घालून ठेवला होता, कुणाला दाखवलाच नव्हता. आज तो काखोटीला मारून दशरथ पेणकरपाड्याला शालूच्या स्टुडिओत आला.

"शालूताई, पोर माजी सावली हाय, पर इतकी काली न्हाय. हलदीचे फोटो आता यतीनला सांगतो."

समोरच्या फोटोच्या दुकानातून यतीन आलाच होता, बोलावणं नसताना. "वहिनी, चाळिशी लागली. डोळ्यांना आराम द्या आता."

शालूला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पोर खरंच कोळशाच्या गोणीतून काढल्यासारखी दिसत होती. पण वीस वर्षं फोटो काढणारी बाई ती. रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने आल्बम पहिल्यापासून चाळला. घरातले, फ्लॅशचे फोटो लख्ख. फक्त अंगणातले, उन्हातले काळे. आणि फोकस मात्र सगळ्यांत असा नेमका की पापण्या मोजून घ्याव्यात.

"डोळे गेले असते तर फोटो धूसर आले असते," ती म्हणाली. "गडबड कॅमेऱ्यात आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" यतीन हसला.

आता कधीतरी अंगणही वाकडं असू शकतं की! महिन्यापूर्वी तिने कॅमेऱ्यातली काच बदलून घेतली होती, डोळा लावल्यावर जिच्यावर चित्र दिसतं ती. जुनी अंधारी होती, नवी चांगली उजळ. शालूने चिमट्याने जुनी पुन्हा बसवली आणि कॅमेरा समोरच्या उन्हातल्या भिंतीवर धरला. आतल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा एकशेपंचवीसवर. मग नवी बसवली. तीच भिंत, तेच ऊन, आणि काटा अडीचशेवर!

"दशरथभाऊ, हा मीटर आतून ही काच बघतो. काच उजळ, म्हणून त्याला वाटतं ऊन दुप्पट आहे, आणि तो फिल्मला निम्माच उजेड देतो. फ्लॅशला मीटर लागत नाही, म्हणून घरातले फोटो वाचले."

"मग जुनीच लावा ना."

"का म्हणून? हिच्यातून मला झकास दिसतंय." तिने फिल्मच्या वेगाची चकती शंभरावरून पन्नासवर फिरवली.

"अहो वहिनी, फिल्म शंभरची आहे!" यतीन ओरडला.

"मला वाचता येतं. मीटरला पन्नासची वाटली की तो दुप्पट उजेड देईल, हिशेब बरोबर. दशरथभाऊ, उद्या सकाळी अंगणात सुलूचा एक रोल काढते. नाही जमलं तर यतीनला सांगा. मी हळदीला नुसती जेवायला येईन."

तिसऱ्या दिवशी ती प्रिंट घेऊन मोरव्याला गेली. दशरथने पहिला फोटो हातात घेतला. सावळी, हसरी, नाकातली चमकीसुद्धा दिसणारी सुलू. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत.

"ही माजी पोर," तो म्हणाला.

मग फोटो घेऊन तो तडक शेजारच्या दारात गेला, तिथून पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. शालू अंगणात चहाचा कप घेऊन उभी राहिली. चौथ्या घरातूनच तो ओरडला,

"ताई, हलदीला रविवारी सकाली आठला या! यतीनला जेवायला बोलवू!"