गोल तडा

गवंड्याने कुबडी गॅलरीच्या कठड्याला टेकवली, बाहेर वाकला आणि रंगवलेल्या भिंतीवर तळहात फिरवला. तीन मजले चढून आल्यामुळे त्याचा श्वास अजून बसला नव्हता. उजवा पाय गुडघ्यात वळत नसल्याने प्रत्येक पायरीवर तो मागून ओढून घ्यावा लागत होता. लिफ्ट चालू होती. पण अधिकारी बाई वर गेल्यानंतर खाली ठेकेदार म्हणाला होता, "लिफ्ट रहिवाशांसाठी आहे, मिस्तरी," आणि गवंडी जिन्याकडे वळला होता. बायको खालच्या पायरीवर बसून राहिली.

"जपून हं," ठेकेदार आता मागून म्हणाला. "पडायचंच असेल तर बाई गेल्यावर पडा."

कामगार कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी फायलीतून मान वर केली नाही. "तुम्ही शपथेवर लिहून दिलंय," त्या ठेकेदाराला म्हणाल्या, "की या बाजूला बांबूंची परांची कधी बांधलीच नव्हती. गिलावा गॅलऱ्यांतून उभं राहून केला. आणि हे त्या दिवशी कामावर नव्हते, आवाराची भिंत चढताना पडले."

"जसंच्या तसं."

"आणि तुम्ही म्हणता, इथे परांची होती, दोरी तुटली आणि तुम्ही पडलात."

"हो," गवंडी म्हणाला. त्याचा हात अजून भिंतीवर होता.

परांचीचे आडवे बांबू भिंतीत ठेवलेल्या भोकांत टेकतात. परांची उतरवली की भोकं विटेच्या तुकड्यांनी आणि सिमेंट-वाळूच्या मालाने भरायची, वरून घोटायची आणि रंग द्यायचा. मग भिंतीला काही आठवत नाही. गवंडी पडला त्याच दुपारी, तो अजून दवाखान्याच्या दारात स्ट्रेचरवर असताना, ही परांची उतरली होती. दोरी आणि बांबू टेम्पोत गेले होते. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे रजा लागली होती. सगळं काम सफाईदार होतं. नऊ महिने, आधी अंथरुणावर आणि मग कुबडीवर, त्याने त्या सफाईचा विचार केला होता.

भरपाई त्याला हवीच होती. पण आधी ठेकेदाराचा चेहरा उतरलेला पाहायचा होता. चांगला जवळून, घाई न करता.

दोन महिन्यांपूर्वी सुनावणीहून परतताना तो समोरच्या बसथांब्यावर उभा होता. तिरपं ऊन या भिंतीवर पडलं होतं आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीशेजारी त्याला बशीएवढा गोल तडा दिसला. दुसऱ्या कुणाला तो रंगाचा दोष वाटला असता. गवंड्याने एक बस सोडली, मग दुसरीही, आणि दुसऱ्याच दिवशी जागेच्या पाहणीचा अर्ज दिला.

एक गोष्ट मात्र त्याने अर्जात लिहिली नव्हती. ती बोटांनी खात्री करून घ्यायची होती, आणि आता झाली. घोटायची फळी फिरवली की वाळूवर बारीक वळणं उठतात, रंगाखालीही ती हाताला लागतात. इथली वळणं उलटी होती. गिलाव्याच्या टोळीत डावखुरा एकच होता. त्याला थापी धरायला गवंड्यानेच शिकवलं होतं.

तो या क्षणी त्याच्या मागे दोन पावलांवर छिन्नी-हातोडी घेऊन उभा होता. मेहुणा. पहिल्या सुनावणीत त्याने जबानी दिली होती, "मी आतल्या कामावर होतो. काही पाहिलं नाही." त्यानंतर तो बहिणीच्या घरी आला नव्हता, आणि तिनेही त्याचं नाव काढलं नव्हतं. आज सकाळी मात्र नवऱ्याच्या बुटाची नाडी बांधताना ती खाली मान घालून म्हणाली होती, "माझा भाऊ म्हणून गिळून टाकू नका. कुणी बुजवलं विचारलं तर नाव घ्या. त्यालाही कळू दे घरी बसणं काय असतं."

"हे बघा मॅडम," ठेकेदार पुढे आला, "पाण्याच्या पाइपासाठी पाडलेली भोकं आहेत ही. बुजवली. हवं तर फोडून बघा. फोड रे."

मेहुणा वाकला. पहिल्या भोकातून विटेचे तुकडे निघाले, घट्ट माल निघाला. दुसऱ्यातूनही तेच.

"झालं समाधान?" ठेकेदार हसला. "आता काय अख्खी बिल्डिंग पाडता का? रहिवासी राहतात हो इथं."

अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "मिस्तरी, विटा-माल म्हणजे काहीही असू शकतं."

"ते तिसरं," गवंडी म्हणाला. "ज्याला गोल तडा गेलाय."

"पावसाने गेला असेल," ठेकेदार म्हणाला.

"पावसाचा तडा गोल जात नाही."

मेहुण्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदाराने हात उडवला. छिन्नी तड्याच्या कडेला बसली. दोन ठोक्यांतच वरचा थर चकतीसारखा निसटून खाली गेला आणि आत भिंतीच्या पातळीत सपाट कापलेलं बांबूचं तोंड दिसलं. खाली कुठेतरी सायकलची घंटी वाजली.

बांबूच्या पोकळीला सिमेंटच्या गोणीच्या कागदाचा बोळा लावलेला होता. अधिकारी बाईंनी तो स्वतः ओढून काढला. त्याच्यामागून हातभर काथ्याची दोरी आली, एका टोकाला गाठ, दुसरं टोक कुजून काळं पडलेलं आणि तुटलेलं.

"ही पाइपाची?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, हे कुणीतरी मुद्दाम..." ठेकेदाराने खिशातून फोन काढला, परत ठेवला, परत काढला. वरच्या ओठावर घाम जमला होता. गवंड्याने त्याच्याकडे नीट वळून पाहिलं, ओळंबा सोडून भिंत पाहावी तसं, वरून खालपर्यंत. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा पाय ठणकत नव्हता.

"पंचनामा होईल," अधिकारी बाई म्हणाल्या. "शपथेवर खोटं लिहून दिल्याचं वेगळं प्रकरण होईल. पुरावा नष्ट केल्याचं वेगळं." त्या गवंड्याकडे वळल्या. "भोकं बुजवली कुणी? हात ओळखता येतो म्हणे तुम्हा लोकांना."

नाव जिभेवर तयार होतं. गवंड्याने भोकाकडे पाहिलं. मेहुण्याला शिकवताना पहिल्याच महिन्यात त्याने बजावलं होतं की बांबू आत कधी ठेवायचा नाही. वाळला की आकसतो, आणि वर्षाच्या आत गोल तडा जातो. पोराने ते कधी चुकवलं नव्हतं. आणि विसरलेल्या बांबूच्या पोटात दोरी आपोआप शिरत नाही, वर बोळाही बसत नाही.

मेहुण्याची छिन्नी खाली झुकली होती. हातोडी डाव्या मुठीत होती. तो ती उजवीकडे घेत नव्हता.

"बुजवायला ज्याने सांगितलं," गवंडी म्हणाला, "त्याचं नाव लिहा. पूर्ण लिहा. बापाच्या नावासकट."

उतरताना मेहुणा एक पायरी पुढे राहिला, पडलाच तर अंगावर घ्यायच्या बेताने. कुबडीचा ठोका, मग पायाचं घासणं.

"नऊ महिने," गवंडी म्हणाला.

"बोललो असतो तर त्यांनी तो बांबूही कोरून काढला असता, दाजी."

"मला तरी सांगायचंस."

"तुम्ही ताईला सांगितलं असतं. ताईने गल्लीला."

गवंडी थांबला. हसू यायला हवं होतं, ते आलं नाही. या पोराने आपल्याला खोटं ठरवणारी जबानी दिली होती, ताठ उभं राहून, आवाज न कापता. त्या दिवशी रात्रभर बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तडा गेलाच नसता तर?"

मेहुणा पायरीकडे बघत होता. "जातोच. तुम्हीच सांगितलं होतं ना. वेळ लागतो फक्त."

खालचा जिना दिसू लागला. शेवटच्या पायरीवर बायकोची पाठ दिसली, पदर घट्ट गुंडाळलेला. वरून येणारी पावलं तिने ओळखली असावीत, कारण ती उठली नाही, वळलीही नाही.

गवंड्याने कुबडी भिंतीला लावली, कठडा धरला आणि वाट मोकळी करून दिली.

"जा पुढे," तो म्हणाला. "तिला हे तू सांग."

मेहुणा दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच उभा राहिला.