मधोमध भोक असलेली उशी

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. माझ्या मधोमध मोठे भोक आहे, म्हणून हसू नका. ते उंदराने पाडलेले नाही. शिवणकाम करणाऱ्या एका आईने ते स्वतःच्या तोंडासाठी कापले.

तिच्या डोळ्यातला पडदा सुटला होता. डॉक्टरांनी आतला जेलीसारखा गर काढून तिथे वायूचा बुडबुडा भरला. पडदा असतो डोळ्याच्या मागच्या बाजूला; पालथे पडले की बुडबुडा वर चढतो आणि त्याला दाबून धरतो. म्हणून पडदा चिकटेपर्यंत पालथेच पडायचे. खाटेच्या टोकाला दोन स्टुले मध्ये जागा सोडून मांडली आणि त्यांवर मला आडवी ठेवली. एरवी अखंड बडबडणारी ती बाई माझ्यात तोंड खुपसून जमीन बघत राही. तिची मान अवघडे, माझा अभ्रा भिजे. मला फार वाईट वाटायचे.

तिची लेक इंजिनिअर. डोळ्यात भरायची नवी जेली बनवणे हेच तिचे काम. सुईतून जाताना पाण्यासारखी पातळ, आत गेल्यावर गरासारखी मऊ, काचेसारखी स्वच्छ. शिवाय पडद्याला चहूबाजूंनी धरणारी, म्हणजे कुणाला पालथे पडायला नको. पण तिची जेली हळूहळू फुगायची, आणि फुगलेली जेली डोळ्याला इजा करते. आपली विद्या आईच्याच कामी आली नाही, या विचाराने ती खचली होती. रोज संध्याकाळी ती स्टुलांमधल्या जागेत उताणी पडून भोकातून आईशी गप्पा मारायची.

"आई, चांगला डोळा मिट. आता मी कशी दिसते?"

"धुक्यात म्हैस दिसावी तशी."

दोघी हसायच्या. पण तो डोळा वाचेल की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते.

बुडबुडा विरत गेला. एका संध्याकाळी चांगला डोळा मिटून आई म्हणाली, "नाकाला शाई लागलीय गं तुझ्या."

लेकीने नाक पुसले आणि तिला रडूच कोसळले.

तेव्हापासून असे पालथे पडावे लागणाऱ्यांकडे मी घरोघरी जाते. परत आले की आई माझा अभ्रा धुते. भोकातून निघालेला गोल तुकडा तिने सुयांच्या डबीत जपला आहे. जेली जमली की तो पुन्हा शिवायचा आहे.

"अजून फुगते का गं?"

"थोडीशी, आई."

"असू दे. तुकडा काही पळून जात नाही."

मित्रांनो, मला स्वच्छ ठेवा. माझ्यावर कुणी पालथे पडले असेल, तर खाली बसून त्याच्याशी बोला. पण माझी खरी इच्छा वेगळीच आहे. कधीतरी माझे भोक शिवले जावे, आणि माझ्यावर डोके टेकून कुणीतरी हव्या त्या कुशीवर झोपावे.