हिरव्या झाकणाची नळी

नाव घेताना लोक लाजतात, पण मी शी तपासायची नळी आहे. मला हात नाहीत, म्हणून सारंग लिहून देतो. त्याची शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, शब्द साधे वाटले, तर माफ करा.

जपानमध्ये माझ्यासारख्या पुष्कळ जणी दरवर्षी लोकांच्या घरी जातात. मी बोटाएवढी. झाकणाला आतून काडी. ती शीला जरा टोचायची आणि मला बंद करायचं, एवढंच. डोळ्यांना न दिसणारं रक्तही मग प्रयोगशाळेत कळतं. दुखायच्या आधी आजार सापडला तर माणूस वाचतो.

इथल्या हिगाशी-कसाई भागात सुचेताकाकूंचं हॉटेल आहे. सारंग तिथे स्वयंपाक करतो. वर्षाच्या तपासणीसाठी काकूंनी मला त्याच्या हातात दिलं.

"लाजू नकोस रे. मीसुद्धा देते."

त्याने मला मोज्यांखाली लपवलं. रोज मोजे काढताना त्याचा हात लागायचा. गार असायचा.

कारण त्याला शीत रक्त दिसतच होतं. मूळव्याध असेल म्हणून त्याने तिखट सोडलं होतं. त्याचे वडीलही मूळव्याधच म्हणत राहिले. डॉक्टरकडे गेले तेव्हा फार उशीर झाला होता. आपलंही तेच निघालं तर? कामावरून काढून घरी परत पाठवलं तर आईला काय सांगायचं?

सोमवारी हॉटेल बंद. हॉटेलातच काम करणारा, खोलीत त्याच्यासोबत राहणारा पुष्कर मोबाइल बघत होता. सारंगने मला त्याच्यापुढे धरलं.

"पुष्क्या, यात तुझी देतोस?"

"चटणी आहे का वाटून घ्यायला!" पुष्कर हसला. मग सारंगचं तोंड बघून उठून बसला. "काय झालंय?"

"रक्त पडतं."

"माझी दिलीस तर माझं पोट चांगलं निघेल. तुझं रक्त थांबेल का?"

सारंगने मला मागे घेतलं. मीही घाबरले होते. माझ्या तोंडून खोटं निघालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं.

माझ्यासारखी कुणी तुमच्याकडे लपून बसली असेल, तर तिला बाहेर काढा. रक्त दिसत असेल, तर माझीही वाट बघू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारंगने मला रिकामीच काकूंपुढे ठेवलं.

"काकू, हिच्याने भागणार नाही. मला रक्त पडतंय. कामावरून काढाल का?"

काकूंनी गॅस बंद केला. "पोळ्या पुष्कर लाटेल. तू चल."

दवाखान्यात काकू जपानीत बोलायला लागल्या. सारंगने त्यांना थांबवलं आणि खाली मान घालून, मोडक्या जपानीत, स्वतःच डॉक्टरांना सगळं सांगितलं. वडिलांचंही.