कंपनीची माणसं

"आंटी, शनिवारी बस सकाळीच निघेल. तुम्ही पुढच्या सीटवर बसा," अंपोन्सा साहेब मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले. "डायरेक्टरांचे सासरे गेलेत, त्यांची माती आहे. कंपनीतर्फे दुःखाचा निरोप तुम्हीच सांगायचा, अगदी रीतीप्रमाणे."

सेर्वाने हाताला लागलेला साबणाचा चुरा कमरेच्या फडक्याला पुसला.

"साहेब, माझी आई शवागारात आहे, शनिवारी तिची माती आहे. दोनदा सांगितलंय तुम्हाला."

"अरे हो! मग त्यांना पुढचा शनिवार नाही का चालणार?"

"कोणाला? आईला?"

साबण गुंडाळणाऱ्या बायका खाली बघून फिसकन हसल्या. साहेबांनी त्यांच्याकडे डोळे वटारले.

सेर्वा आवाज चढवणारी नव्हती. पण आज तिला अगदी वीट आला होता. "बस नको मला. पिकअप पाठवा, चार माणसं पाठवा. माइकवरून कंपनीचं नाव पुकारलं गेलं की झालं. मामा अख्ख्या गावाला सांगून बसलेत."

"नियम आहे आंटी. कंपनी जाते ती कायम कामगारांच्या घरी. तुम्ही रोजंदारीवर."

"आणि एवढी वर्षं सगळ्यांच्या दारी तुमच्यातर्फे बोलत आले, ती कोण? कायम की रोजंदारी?"

"तुम्ही काय, घरच्याच!"

"दुसऱ्यांच्या मातीला घरची आणि माझ्या घरात माती झाली की परकी. वा रे घर!"

"पुढच्या वर्षी करू ना कायम," साहेब म्हणाले. हे वाक्य ऐकता ऐकता तिचे केस पांढरे झाले होते. घानातल्या कुमासीच्या या कारखान्यात साहेब बदलले, साबणाचा वास बदलला, हे वाक्य तेवढं टिकून होतं. तरी प्रत्येक वेळी तिने ते खरं मानलं होतं, आणि आता तिला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.

शनिवारी गावात मांडव भरला होता. काळ्या-लाल कापडातली माणसं ओळीने येऊन हस्तांदोलन करून बसत होती. मामांनी पुढची खुर्च्यांची रांग लाल फीत बांधून राखून ठेवली होती.

"कंपनीची माणसं कुठवर आली गं?" मामांनी तिसऱ्यांदा विचारलं. "माझी बहीण काही अशीतशी नव्हती, पोरी. तुझ्या पाठीशी कोण उभं आहे, हे लोकांना दिसू दे."

सेर्वा आलेल्यांना पाणी द्यायला वळली. शेजारच्या गावची मंडळी येऊन बसली, त्यांनी आपला निरोप सांगितला, माइकवरून त्यांची देणगी पुकारली गेली. रांग तशीच रिकामी. चार बायका बाळांना पाठीला बांधून उन्हात उभ्या होत्या, पण फितीला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती.

तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"आंटी!" अंपोन्सा साहेब कुजबुजत होते. "आम्ही इथे बसलोय. पाणी दिलं, प्यायलो. आता विचारतायत, काय निरोप घेऊन आलात? सगळे माझ्याकडेच बघतायत. सुरुवात कशी करू?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. फोन बंदच करणार होती ती. पण तिकडेही एक म्हातारा माणूस निजलेला होता. त्याने तिचं काय वाईट केलं होतं? ती मांडवाच्या खांबाआड गेली.

"म्हणा, आम्ही शांततेने आलोत."

"शांततेने आलोत," साहेबांचा तिकडचा मोठा आवाज ऐकू आला.

"आम्ही कामावर होतो, तेव्हा कळलं, आमच्यातल्या एकाच्या घरी दुःख आलंय."

साहेबांनी तेही म्हटलं.

"जो आमच्यासोबत राबतो, त्याचं मेलेलं माणूस ते आमचंच माणूस. म्हणून हातातलं काम टाकून आम्ही..."

खांबाआडून तिला ती रिकामी रांग दिसली.

"आंटी? ऐकू येतंय ना? पुढे काय?"

"पुढचं तुम्हीच म्हणा साहेब," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

मामा काठी टेकत जवळ आले. "त्यांचाच होता ना? वाट चुकले की काय?"

"नाही मामा. येणार नाहीत ते. मी रोजंदारीवर आहे. कायम नाही, कधीच नव्हते."

मामांनी वळून लाल फितीकडे पाहिलं.

सेर्वा पुढच्या रांगेपाशी गेली. मामांनी गाठ घट्ट मारली होती. नखांनी सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली आणि उन्हातल्या बायकांना म्हणाली, "या गं. बसा."